घरं भरतील

नेरघाट नगरपरिषदेच्या दारातला प्रगतिफलक दर तीन महिन्यांनी, पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता बदलत असे. त्या सोमवारी प्रभाग सातच्या पुढे आकडा उमटला : तेवीस टक्के.

नगरसेविका कुंदा वलथरे पायरीवर उभी राहून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आपला प्रभाग सातच ना, हेही तिनं दोनदा पाहिलं. निवडणुकीत तिनं तीन कामं कबूल केली होती. नळाला रोज पाणी, उघड्या नाल्यांवर झाकणं, आणि ढीवरपुऱ्यात दवाखाना. वैनगंगेच्या काठावरच्या त्या वस्तीत तोवर कुणी नळ पाहिला नव्हता. आता रोज सकाळी साडेसहाला पाणी येत होतं. नाल्या झाकल्या होत्या. दवाखान्यात तर गेल्याच आठवड्यात एका बाईनं सुखरूप जुळ्यांना जन्म दिला होता. तीनपैकी तीन झाली. मग तेवीस टक्के कसे?

"ताई, पाणी मस्त येते बरं का!" शेजारून सायकलवर जाणारे पाटीलगुरुजी ओरडून सांगून गेले.

"मग आकडा असा काहून, गुरुजी?" तिनं विचारलं. पण गुरुजी पुढे गेले होते.

आकडा तीसच्या खाली गेला की तीन महिन्यांनी परतमतदान लागे. या नगरसेवकाला ठेवायचं की घरी पाठवायचं, एवढाच प्रश्न लोकांपुढे ठेवला जाई. कुंदानं या कामासाठी अंगणवाडीतली एकवीस वर्षांची नोकरी सोडली होती. आपण हरलो तर हरलो, पण का हरलो हे तरी कळावं, असं तिला वाटलं. दुपारच्या बसनं तिनं जिल्ह्याचं गाव गाठलं.

तिथल्या श्रुतवचन केंद्राचे प्रमुख डॉ. टेंभरे साठीच्या जवळ आलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. मेंदूचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सहा वर्षांपूर्वी कायदा झाला, तेव्हा सरकारनं त्यांना मुद्दाम इकडे आणलं होतं.

"सर, माझी तिन्ही कामं झालीत. तुम्ही येऊन बघा," कुंदा बसायच्या आधीच म्हणाली.

"झालीत, मला माहीत आहे. पण आम्ही कामं मोजत नाही. लोकांनी जे ऐकलं, ते झालं का, एवढंच मोजतो."

"मी बोलले तेच ऐकलं असेल ना त्यांनी?"

डॉक्टर हसले. "तेवढंच तर होत नाही हो. आपल्याला वाटतं, ऐकणं म्हणजे घागर भरण्यासारखं आहे. वरून शब्द पडतात नि आत साठतात. मेंदू तसं करत नाही. तो पुढे धावतो. समोरचा माणूस काय म्हणणार, याचा अंदाज तो आधीच बांधतो, आणि कान फक्त तो अंदाज तपासून बघतात. थोडाफार जुळला की मेंदूचं समाधान होतं. मनात राहतो तो अंदाज. बोललेलं वाक्य हवेत विरून जातं."

त्या मागे राहिलेल्या अंदाजालाच ते श्रुतठसा म्हणत. तो वाचायची पद्धत साधी होती. माणसाच्या कपाळाला एक पट्टी बांधायची आणि जुनं भाषण पुन्हा ऐकवायचं. ओळखीच्या गाण्याची पहिली ओळ वाजली की दुसरी मनात आपोआप उमटते, तसा प्रत्येक वाक्याच्या अर्ध्यावरच मेंदू पुढचं बोलून मोकळा होई. पट्टी ते टिपे. सगळ्यांत ठळक ठसा ज्या वचनाचा, ते त्या माणसाचं श्रुतवचन. पूर्वी पुढारी म्हणत, मी असं बोललोच नव्हतो. आणि लोक म्हणत, आम्ही कानांनी ऐकलं. हा जुना तंटा मिटवायला कायद्यानं लोकांची बाजू घेतली होती : वचन देणाऱ्याचं नसतं, ऐकणाऱ्याचं असतं.

"तुमच्या प्रभागातल्या एकवीसशे लोकांनी ठसे दिले," डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "त्यात चारशे त्र्याऐंशी लोकांनी पाणी, नाली नाहीतर दवाखाना ऐकलं. ते पूर्ण झालं. हे तुमचे तेवीस टक्के."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांत किरकोळ पुष्कळ आहे. एकानं ऐकलं की तुम्ही त्याच्या भावाची भिंत पाडणार. एक बाई म्हणतात, तुम्ही त्यांच्याकडे जेवायला येणार होतात. पण तेराशे चाळीस लोकांनी एकच गोष्ट ऐकली आहे." त्यांनी चष्मा काढला. "बाहेरगावी गेलेली पोरं तुम्ही परत आणणार, ही."

कुंदाला वाटलं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. "काय आणणार?"

"पोरं. पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेलेली."

"मी असं कधीच बोलले नाही, सर. असं कुणी बोलेल का?"

डॉक्टरांनी भाषण लावलं. तीन वर्षांपूर्वीची कुंदा पाण्याच्या टाकीखालच्या मैदानात उभी राहून, घसा बसलेल्या आवाजात बोलत होती : "नळाला रोज पाणी येईल, नाल्या झाकल्या जातील, दवाखाना वस्तीत येईल. मला निवडून द्या. तीन वर्षांत आपली घरं पुन्हा भरलेली दिसतील."

"या शेवटच्या वाक्यावर," डॉक्टर म्हणाले, "तेराशे चाळीस मेंदू एकाच दिशेला धावले."

"अहो, ते पाण्याचं बोलले मी! घरातली भांडी भरतील, असं."

"असेल," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये कुंदानं ते वाक्य मनाशी इतक्या वेळा घोळवलं की त्यातल्या शब्दांना काही अर्थच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुभद्राबाई मारबत्यांकडे गेली. सुभद्राबाई कुंदाच्या आईची मैत्रीण. त्यांचा एकुलता एक मुलगा दिनेश नऊ वर्षांपासून सुरतेला होता आणि तिथंच त्याचं लग्न झालं होतं. म्हातारी अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. आतल्या खोलीत दोन नव्या गाद्या उन्हात तापवून आणून ठेवलेल्या दिसत होत्या.

"बस वो कुंदा. चहा मांडू का?"

"नको मावशी. एक विचारायचं होतं. मी निवडणुकीत काय बोलले होते, तुम्हाले आठवते का?"

"वा! न आठवाले काय झालं? टाकीखाली बोल्ली ना तू. म्हणे, तीन वर्सांत तुमचे पोरं घरी आणतो. म्या तवाच दिनेशले फोन केला."

"मावशी, असं नाही बोलले मी."

"बोल्ली ना वो."

कुंदानं मोबाइल काढून भाषण लावलं आणि म्हातारीच्या कानाशी धरलं. घरं पुन्हा भरलेली दिसतील. सुभद्राबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी कुंदाच्या मनगटावर हात ठेवला.

"हे पाय. बोल्ली का नाही?"

"कुठं मावशी? यात पोरांचं नावही नाही."

"आता तं बोल्ली. तुह्यापासीच हाय न् तुलेच आयकू येत नाही?" म्हातारी मनापासून हसली. मग हलकेच म्हणाली, "घाई नाही माही. तीन वर्सांच्या जागी चार होऊ दे. पण येतीन ना?"

कुंदा काहीतरी पुटपुटून उठली. वस्तीतून चालताना तिनं आणखी पाचसहा घरी विचारलं. कुणी रागावून बोललं, कुणी समजुतीनं घेतलं, पण मी असं बोललेच नाही हे कुणाला पटलं नाही. पाण्याबद्दल मात्र सगळेच आभार मानत होते. त्या आभारांनी ती जास्तच गोंधळून गेली.

घरी आल्यावर तिनं भाषण स्वतः पुन्हा ऐकलं आणि पहिल्यांदाच एका शब्दाला अडखळली. पुन्हा. घरं पुन्हा भरलेली दिसतील. ढीवरपुऱ्यात तर आधी कधी नळच नव्हता. जे आधी भरलेलंच नव्हतं, ते पुन्हा कसं भरणार? पाण्याच्या वाक्यात 'पुन्हा' हा शब्द आला कुठून?

गुरुवारी ती परत डॉ. टेंभऱ्यांसमोर बसली. "सर, माझा ठसा घ्या."

"बोलणाऱ्याचा घ्यायचा नियम नाही."

"मनाई आहे का?"

मनाई नव्हती. डॉक्टरांनी तिच्या कपाळाला पट्टी बांधली आणि भाषण लावलं. कुंदा डोळे मिटून, मुद्दाम नळाचा, घागरींचा, रांजणांचा विचार करत राहिली. भाषण संपल्यावर डॉक्टरांनी पडद्यावरचा ठसा दोनदा वाचला.

"तुम्हाला मूल आहे?" त्यांनी विचारलं.

"मुलगी. ऋचा. बेंगळुरूला असते." ती थांबली. "चार वर्षं झाली, आली नाही. महिन्याकाठी फोन असतो, दोन मिनिटांचा. का हो?"

"तेराशे चाळीस नाहीत, कुंदाताई. तुमच्यासकट तेराशे एकेचाळीस."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. कुंदा तो आवाज ऐकत राहिली.

"म्हणजे मी खोटं बोलत होते का तुमच्याशी? पाण्याचं बोलले म्हणून?"

"नाही. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. पण बोलणारा हा स्वतःचा पहिला श्रोता असतो. तोंडातून वाक्य निघतं, तेव्हा ते काय आहे हे आपल्यालाही ऐकूनच कळतं. तुम्ही ते वाक्य पाण्यासाठी उचललंत आणि अर्ध्या वाटेत तुमचं मन दुसरीकडे धावलं. 'पुन्हा' तिथून आलं."

"मग वचन दिलं कुणी, सर? मी दिलं की त्यांनीच घेतलं?"

डॉक्टरांनी पट्टीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मोजायचं कसं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "हे मला सांगता येणार नाही."

कुंदाला एकच मार्ग दिसला. चूक बोलण्यातून झाली, तर ती बोलूनच दुरुस्त करायची. रविवारी सकाळी तिनं शाळेच्या पटांगणात प्रभागसभा बोलावली. माणसं भरपूर आली. सुभद्राबाई पहिल्याच ओळीत होत्या. कुंदानं या वेळी भाषण लिहून आणलं होतं आणि प्रत्येक शब्द दहादा पारखून घेतला होता.

"मी स्पष्ट सांगते," ती म्हणाली. "तुमची बाहेर गेलेली पोरं मी परत आणू शकत नाही. तसं मी कधी करू शकणार नाही. माझी स्वतःची मुलगी मला परत आणता आली नाही. पोरं येणार नाहीत. मी दिलेलं वचन पाण्याचं होतं, ते पूर्ण झालं. बाकी आशा माझ्यावर ठेवू नका."

मागच्या रांगेत एक बाई रडू लागली. पाटीलगुरुजींनी डोळे पुसले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं पटांगण टाळ्या वाजवू लागलं. कुंदाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ज्यांना आपण निराश केलं ते टाळ्या का वाजवताहेत, हे तिला कळलं नाही. पण खरं बोलल्याचा मान असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

तीन महिन्यांनी नवा आकडा आला तो नऊ टक्के.

तिनं डॉ. टेंभऱ्यांना फोन लावला. "सर, मी तर सरळ नाही म्हणाले!"

"ऐकलं मी ते भाषण." त्यांचा आवाज थकलेला होता. "कुंदाताई, 'पोरं येणार नाहीत' हे समजून घ्यायला मेंदूला आधी पोरं येताना बघावी लागतात. दारात उभी, हातात पिशव्या, असं सगळं. मग त्या चित्रावर 'नाही'ची चिठ्ठी चिकटवायची. चित्र पक्कं बसतं, चिठ्ठी गळून पडते. आता अठराशे त्र्याहत्तर लोकांनी ऐकलंय की तुम्ही पोरं आणणार. ज्यांनी आधी पाणी ऐकलं होतं, त्यांतलेही बरेच."

"आणि माझा ठसा?"

"तो द्यायला या म्हणून मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

नऊ टक्क्यांवर परतमतदान लागलं. कुंदानं प्रचार केला नाही. दारी गेलं की बोलावं लागणार, आणि बोलायची तिला धास्ती बसली होती. आपण घरी जाणार हे धरून तिनं कागदपत्रं आवरून ठेवली. निकाल लागला तेव्हा तिला ठेवावं म्हणून शेकडा ब्याऐंशी लोकांनी मत दिलं होतं. जिल्ह्यात एवढी मतं कुणालाच पडली नव्हती. पत्रकारांनी कारण विचारलं, तर ढीवरपुऱ्यातले लोक म्हणाले, बाईचं काम अजून व्हायचं आहे, अर्ध्यावर कसं काढायचं तिला?

निकालाच्या चौथ्या दिवशी कुंदा दवाखान्याकडे निघाली होती. मारबत्यांच्या घराला चुना लावणं चाललं होतं. सुभद्राबाई स्वतः शिडी धरून उभ्या होत्या आणि हातावर, केसांवर पांढरे शिंतोडे उडाले होते. कुंदाला पाहून त्यांनी शिडी सोडली.

"कुंदा, दिवाळीले येतीन ना वो?"

कुंदा थांबली. काय म्हणावं? हो म्हणणं खोटं होतं. गप्प राहिलं तर म्हातारी गप्पपणातूनही काहीतरी ऐकणार. तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, अगदी सावकाश. "नाही."

सुभद्राबाईंनी मान हलवली. क्षणभर त्या हिरमुसल्या, मग सुरकुत्यांतून हसू फुटलं.

"असू दे वो. होळीले तं होळीले."

त्या परत शिडीकडे वळल्या. कुंदा रस्त्यात तशीच उभी राहिली. आपण 'नाही'च म्हणालो, याची तिला खात्री होती. निदान शब्द संपेपर्यंत तरी होती. पण होळीला घरात कोण कोण असेल, ऋचाची खाट कुठं टाकायची, हे तिच्या मनात केव्हाच सुरू झालं होतं. आणि त्या क्षणी तिच्या तोंडून नेमकं काय निघालं, हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं.