कडू भोपळ्यांचा मांडव

अकोल्याच्या त्या सकाळच्या मैफिलीला प्राजूला न्यायलाच नको होतं. साडेतीन वर्षांचं पोर आलापीत किती वेळ गप्प बसणार? पण तिला अमरावतीत ठेवून जायचं, तर माझं अर्धं लक्ष फोनमध्ये. म्हणून दाराजवळची खुर्ची धरली. कुठेही गेले तरी मी आधी दार, जिना आणि पाण्याची टाकी बघून घेते.

गायिकेनं तोडीचा गंधार लावला. सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं... आणि प्राजूनं खणखणीत आवाजात विचारलं, "आई, या काकू का रडतात?"

माना वळल्या. तंबोऱ्यावर बसलेल्यानं हसायचं नसतं. गायिकेच्या मागे बसलेला तो मात्र हसला— अगदी खाली मान घालून, पण मला दिसलंच.

मध्यंतरात तो चहाचा कप घेऊन आमच्याकडे आला. "ही तुमचीच पोरगी का?"

"हो. माफ करा, खरंच..."

"माफी काहून मागता? बारा वर्षं गाणं आयकून राहिलो, पण हे इचाराची हिंमत मले नाही झाली."

तो प्राजूला मंचाकडे घेऊन गेला. मी अर्थातच मागोमाग. तिनं तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावला. त्यानं तारा छेडल्या.

"आत माशी आहे," प्राजू म्हणाली.

"हाय. एकच हाय, पण चारी तारांवर फिरते."

त्याचं नाव जीवन. पातूरजवळ त्याच्या घरची भाजीची शेती. तंबोऱ्याचा तो भोपळाही त्याच्याच वेलाचा. हे भोपळे कडू असतात, खायच्या कामाचे नसतात, फक्त वाद्यांसाठी मांडवावर वाढवून वाळवायचे, असं तो सांगत होता.

"म्हणजे दरवर्षी तुमच्या हाती भोपळाच," मी म्हटलं.

"एक नाही मॅडम. चाळीस."

त्याला हसताना बघून मी प्राजूची वेणी उगाचच पुन्हा घातली.

अमरावतीच्या एका दैनिकात मी दर रविवारी लिहिते— वाचलेलं पुस्तक, ऐकलेला राग, कॉलेजात शिकवते ते तत्त्वज्ञान, कधी नुसताच राजकमल चौक. पुढच्या रविवारी तंबोऱ्यावर लिहिलं. तंबोरा सांख्यांच्या पुरुषासारखा, निव्वळ साक्षी. काही करत नाही, कशात अडकत नाही. शहरात माणसानंही असंच मागे बसून राहावं, म्हणजे काही गमावावं लागत नाही. लेख मला फार आवडला होता.

लेखाखाली माझा नंबर छापतात. सोमवारी त्याचा व्हॉइस मेसेज आला.

"मॅडम, मराठी लय गोड हाय तुमची, पण गोष्ट चूक हाय. तंबोरा नुसता बसून राहत नाही. हवा बदलली का उतरते. वाजवणाऱ्याचं सारं ध्यान तिथंच— उतरला का, मिळाला का. तुमी पोरीकडं सारख्या पाहता ना... तसं."

चार वेळा ऐकलं. माझ्या या सारखं बघण्याला घरात सगळे 'चारुताची कटकट' म्हणतात. कुणीतरी पहिल्यांदाच तिला सूर लावणं म्हटलं होतं.

मग बोलणं वाढत गेलं. भाजीची गाडी अमरावतीला आली की तो चहाला थांबायचा. मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते, हे कळल्यावर त्याला धक्काच बसला.

"काहून?"

"कोण मरतं ते कळलं की मग निवांत वाचता येतं."

त्यानं चेष्टा केली नाही. "मंग मले इचारत जा," एवढंच म्हणाला. "मी वाचून सांगत जाईन."

डिसेंबरात एकदा कप खाली ठेवून, कपाकडेच बघत त्यानं विचारलं, "लग्नाचं इचारलं तर... चालते?"

मी घाबरेन असं मला वाटलं होतं. नाही घाबरले.

"प्राजूचे बाबा, शुभंकर, जाऊन तीन वर्षं झाली," मी म्हटलं. "मला कुणाची सोबत हवी म्हणून मी हो म्हणणार नाही. तुम्ही आवडता, हे खरं. पण तुमच्या घरात प्राजू आणि मी पाहुण्या असू की घरच्या— तेवढं मला डोळ्यांनी बघायचंय. नाहीतर इथेच थांबू."

"मंग या पाहाले," तो म्हणाला.

फेब्रुवारीत गेलो. मांडवाखाली भोपळे लोंबत होते, वाऱ्यानं सावकाश हलणारे. प्राजू ते मोजत सुटली. मला आधी दिसली ती विहीर. तिला कठडा नव्हता.

जीवनची आई, शकुनमावशी, जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत. वांग्याची भाजी वाढत राहिल्या आणि मी घासागणिक दाराबाहेर खेळणाऱ्या प्राजूकडे बघत राहिले. शेवटी त्याच उठून उंबऱ्यावर, विहिरीकडे तोंड करून बसल्या.

"तू जेव. मी पाहून राहिली तिले."

दोन घास शांतपणे जेवले. पण बोलणं तेवढंच. निघताना त्या आतून आल्या आणि त्यांच्या हातात नारळ दिसला. नोकरीवरून काढलं की आपण म्हणतो ना, नारळ दिला. चला, निदान रीतसर दिला...

"ओढणी पसर," मावशी म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांच्या मागचं ताट दिसलं— गहू, खण, हळदकुंकू.

"मावशी... माझी ओटी भरत नाहीत." तीन वर्षं कुणाकडेही हळदीकुंकू असलं की मी आपणहून स्वयंपाकघरात कप विसळत बसते.

"कोन म्हनते?"

"सगळेच."

"मी नाही म्हनत. पसर लवकर, हात दुखून राहिला माहा."

मी ओढणी पसरली. गहू पडले, खण पडला, नारळाचं वजन पोटाशी आलं. प्राजूनं फ्रॉकचा घेर पुढे केला. मावशींनी तिलाही मूठभर गहू घातले. "सांडू नोको बाई. घरचे हाय."

जीवन मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. "मॅडम..."

"चारुता," मी म्हटलं. "आणि जरा थांबा."

एका हातानं ओटी सावरत मी बाबांना फोन लावला. बाबा म्हणजे बापूसाहेब वकील, फोनवरसुद्धा उलटतपासणी.

"बाबा, येत्या रविवारी पातूरचे पाहुणे येताहेत. मुलाकडचे."

"मुलाकडचे? कुणासाठी?"

जीवन माझ्याकडेच बघत होता. मीही त्याच्याकडे सरळ बघितलं.

"माझ्यासाठी, बाबा."