दोन्ही हात बाहेर आहेत?

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामा-मामींच्या घरात घडली. मामींनी ती स्वतः सांगितली, आणि सांगण्याआधी माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी यात पदरचं काही घालणार नाही. त्यामुळे जशी ऐकली तशीच देतोय. शेवटचं थोडं मी स्वतः पाहिलंय.

काळोखी रात्र, ओसाड रस्ता वगैरे हवं असेल तर ते इथे मिळणार नाही.

हे भर दुपारी घडलं. घरामागच्या वर्कशॉपमध्ये.

मामा सुतार. त्यांच्याकडे लाकूड कापायची एक मोठी मशीन होती. कॉम्प्युटर सांगेल तसं तिचं गोल पातं रुळांवरून फिरायचं. मामा फळ्या लावायचे, मामी लॅपटॉप सांभाळायच्या. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्यात मशीन चालवणारं एक पॅकेज, म्हणजे छोटासा प्रोग्राम.

ते पॅकेज कुठल्या कंपनीचं नव्हतं. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. अशा वेळी ज्याला गरज असते तोच एखादा माणूस पॅकेज सांभाळतो आणि सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवतो, फुकट. हे पॅकेज कुठल्याशा लांबच्या गावातला एक म्हातारा सुतार सांभाळायचा. सगळे त्याला म्हातारबा म्हणायचे.

मामी त्याला अडचणी विचारायच्या. उत्तर यायचं, पण फार सावकाश. खाली नेहमी एकच ओळ असायची.

"उशीर झाला. एका हाताने टाइप करतो. उजवा मशीनने नेला."

म्हणूनच असेल, त्याचं पॅकेज प्रत्येक कापाआधी थांबायचं. स्क्रीनवर प्रश्न यायचा... दोन्ही हात बाहेर आहेत? त्यावर 'हो' लिहिलं तरच पातं हलायचं.

मामांचं डोकं उठायचं. "आली बघ तुझी सासू," ते म्हणायचे. "सांग तिला, आहेत म्हणावं दोन्ही."

मामी हसायच्या आणि वर न बघताच 'हो' लिहून टाकायच्या.

मग म्हातारबाची उत्तरं यायची थांबली. पॅकेजच्या पानावर त्याच्या मुलीने एवढंच लिहिलं, "बाबा गेले." सांभाळणाऱ्याच्या जागी नाव उरलं नाही. लिनक्सच्या जगात अशा पॅकेजला अनाथ म्हणतात. कुणीही ते दत्तक घेऊ शकतं. एक बटण दाबायचं, बस्स.

पुढे लिनक्स अपडेट झालं आणि ते अनाथ पॅकेज चालेना. काम ठप्प. शेवटी मामींनीच ते दत्तक घेतलं. खटपट करून दुरुस्तही केलं.

आणि जाता जाता तो प्रश्न काढून टाकला.

गेलेल्या माणसाची खोली आवरताना आपण बारीकसारीक वस्तू टाकून देतो ना, तितक्याच सहज.

काही दिवस छान गेले. मामा खुशीत होते, सासू गेली म्हणून.

मग एकदा मामी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. वर्कशॉपमधून आवाज आला.

टक...

टक...

टक...

कुणीतरी टाइप करत होतं. एकेक अक्षर शोधून.

"अहो, लॅपटॉपला हात लावू नका," मामी ओरडल्या.

"मी कुठे लावतोय?" मामांचा आवाज मागच्या खोलीतून आला. "मी आडवा पडलोय."

टक...

मामी गेल्या. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. लॅपटॉपच्या कीबोर्डवर कायम भुशाचा थर असायचा. आता त्याची डावी बाजू लख्ख होती. उजव्या बाजूला भुसा जसाच्या तसा.

स्क्रीनवर प्रश्न उभा होता... दोन्ही हात बाहेर आहेत?

मामींना भीती वाटली नाही, राग आला. माझ्या मामी तशाच आहेत. त्यांना वाटलं, चुकून जुनंच पॅकेज बसलं असणार. त्यांनी प्रश्न पुन्हा काढला, पॅकेज नव्याने बसवायला घेतलं. बसवण्याआधी कॉम्प्युटर विचारतो, आत काय लिहिलंय ते एकदा वाचणार का? वाचायचं असतं. पण कोण वाचतं? मामी म्हणाल्या, माझंच तर आहे. आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मामांनी एक जाड फळी मशीनवर लावली. मामींनी काम सुरू केलं.

स्क्रीनवर प्रश्न आला.

"मला दिसला रे तो," मामी मला म्हणाल्या. "काढून टाकलेला प्रश्न समोर दिसत होता. पण बोटांना इतकी सवय... लिहून झाल्यावर कळलं."

त्यांनी 'हो' लिहिलं होतं.

मामा तेव्हा पात्याखाली अडकलेली ढलपी काढायला वाकले होते.

पातं खाली आलं. मामांची किंकाळी अर्ध्यात तुटली. रक्ताची चिळकांडी भिंतीवर, फळीवर, मामींच्या चेहऱ्यावर उडाली. मामींनी लाल बटण दाबलं. पातं फिरतच होतं. हाडावर घासल्याचा आवाज येत होता. त्या धावत जाऊन मेन स्विच पाडून आल्या. दिवे गेले. पंखा थांबला.

पातं थांबलं नाही.

वीज नसताना ते गरगरत होतं, आणि इंच इंच मामांच्या छातीकडे सरकत होतं. त्यांची बाही रुळात ओढली गेली होती. ते दुसऱ्या हाताने ती सोडवू बघत होते आणि तोही हात पात्यासमोरच होता.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. मामींची नजर त्यावर गेली.

अक्षरं एकेक करून उमटत होती...

दुसरा हात बाहेर आहे?

मामी म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो प्रश्न वाचला. मान वळवून मामांच्या हाताकडे पाहिलं. मगच लिहिलं.

नाही.

पातं जागच्या जागी थांबलं.

मामींनी फोन करून मला दवाखान्यात बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "तुटलेला हात आणा. लवकर आणलात तर जोडता येईल." मी तसाच वर्कशॉपकडे पळालो. भुसा उपसला, मशीनखाली आडवा होऊन शोधलं, फळ्या उलट्या केल्या. हात नव्हता. रक्ताचा माग मात्र होता. मशीनपासून निघून जमिनीवरून टेबलाच्या पायापर्यंत. पायावरून वर. आणि लॅपटॉपपाशी संपलेला.

कीबोर्डची उजवी बाजूही आता लख्ख होती. आणि ओली.

मी लॅपटॉपला हात लावला नाही. रिकामाच परत गेलो. डॉक्टरांना काय सांगितलं ते आता आठवतही नाही.

मामा वाचले, उजव्या हाताशिवाय. मामींनी पॅकेजवरचं स्वतःचं नाव काढून टाकलं, लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं आणि वर्कशॉपला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे.

परवा मी धीर करून त्या पॅकेजचं पान उघडलं. सांभाळणाऱ्याच्या जागी पुन्हा म्हातारबाचं नाव आहे. नवी आवृत्ती आली आहे, प्रश्नासकट. लोक अडचणी विचारतात आणि त्यांना उत्तरं मिळतात. लगेच मिळतात, लांबलचक. खालची ती उशीर झाल्याची ओळ आता नसते.

काल दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मामा डाव्या हाताने, सांडत सांडत जेवत होते. बोलता बोलता मामींनी एकदम मागच्या दाराकडे मान वळवली.

मागून आवाज येत होता. कुलूपबंद वर्कशॉपमधून.

टकटकटकटकटक...

भराभर. दोन्ही हातांनी.

मामांनी चमचा खाली ठेवला. उजव्या मनगटाच्या पुढे, जिथे काहीच नाही, तिथे डाव्या हाताने दाबल्यासारखं करत राहिले.

"अगं," ते मामींना म्हणाले, "आज फार दमलीत बोटं."