रिनाच्या आवाजाचं कार्ड

खुर्चीवर बसायच्या आधीच रामाजी खोब्रागड्यांनी खिशातून प्लास्टिकची एक डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत कापूस होता आणि कापसावर करंगळीच्या नखाएवढं मेमरी कार्ड.

“माह्या पोरीचा आवाज होता यात,” ते म्हणाले. “पुसल्या गेला. कोनं पुसला ते माईत हाय मले. फक्त तुमच्या तोंडून पाह्यजे, चार लोकांसमोर.”

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानावर इंदुताई मेश्रामांचं ऑफिस होतं. खासगी तपास म्हणजे बहुतेक सोयरिकीच्या चौकशा. त्यांचा मदतनीस विनोद स्कूटर चालवायचा, फोटो काढायचा आणि निष्कर्षही काढायचा. पहिली दोन कामं त्याला बरी जमत.

रामाजींची मुलगी रिना अहेरीला आरोग्यसेविका होती. सिकलसेलच्या आजारानं वर्षभरापूर्वी गेली, सव्विसाव्या वर्षी. मोकळ्या वेळात ती फोनवर वंदना आणि भीमगीतं म्हणून ठेवायची. तिचा फोन आता रामाजींकडे असे. रोज पहाटे पाचला ते तिची वंदना लावत आणि मगच पाणी पीत.

“दुसरीकडे उतरवून नाही ठेवली?” इंदुताईंनी विचारलं.

“पोरगा लय म्हणे, कापी करू. मीच नाई म्हणलो. क्यासेट नाई का झिजत कापी केली की? तसा तिचा आवाज झिजला तं?”

विनोदला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

येत्या रविवारी विहारात रिनाचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. घरचा जुना कॉम्प्युटर तिथं न्यायचा, पडद्यावर तिचे फोटो दाखवायचे आणि सोबत तिचा आवाज लावायचा, असं ठरलं होतं. फोनची केबलची जागा ढिली झाली होती. चार्जिंग कसंबसं व्हायचं, पण जोडला तरी कॉम्प्युटर त्याला ओळखत नसे. म्हणून गेल्या रविवारी सकाळी दहाला प्रफुल कार्ड-रीडर घेऊन आला.

“प्रफुल कोण?”

“रिनाचा होनारा नवरा. बल्लारपूरले पेपर मिलमधी हाय.” रामाजींचा आवाज चढला. “आता त्याची दुसरी सोयरिक जुळली, अहेरीचीच पोरगी. जुनी याद नको होती त्याले. पहाटे मी वंदना ऐकलो. दहाले त्यानं कार्ड काढलं, मशीनमधी लावलं, ‘बाबा, हे मशीन वाचत नाई’ म्हणाला, कार्ड फोनमधी परत घातलं आन दुसरं काई आनतो म्हणून चंद्रपूरले गेला. बारा-एकच्या दरम्यान मी सोता कार्ड लावून पाह्यलो, तं काईच नाई निघालं. म्हणजे त्याच्या आधीच खाली केलं ना?”

“त्याला विचारलं?”

“विचारलं. ‘हो बाबा, माह्याच हातून झालं’ म्हणाला. मान खाली घालून. रविवारी विहारात सगळ्यांसमोर सांगनार हाय मी. त्याच्या सासरचेही येऊन राह्यले.”

ते गेल्यावर विनोद म्हणाला, “ताई, कबुलीच हाय म्हटल्यावर आपलं काय काम?”

“मानूस खरंच गुन्हेगार असला तं एवढ्या लवकर कबूल होत नाई, विनोद.”

त्यांनी कार्ड आधी आपल्या फोनमध्ये घातलं. फोननं ते वाचायला साफ नकार दिला. मग कॉम्प्युटरला लावलं, तेव्हा उघडलं. आत चार हिंदी सिनेमे होते, दुसरं काही नाही. इंदुताईंनी एक लपलेलं फोल्डर शोधलं. कार्ड नव्यानं आखलं गेलं की कॉम्प्युटर ते स्वतःच बनवतो. त्याच्यावर वेळ होती रविवार, दुपारी बारा बावन्न.

“डिलीट नाई झालं, फॉरमॅट झालं. एकेक गाणं पुसलं नाई, पाटीच धुतली. आन तेही कॉम्प्युटरनं. फोननं केलं असतं तं फोनले वाचता आलं असतं,” त्या म्हणाल्या.

नागपूरच्या एका जाणकाराकडे त्यांनी कार्ड पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते परत आलं. तेवीस फायलींची नावं मिळाली होती, आवाज एकाचाही नाही. सिनेमे वर बसले होते. यादीतलं नववं नाव ‘बाबासाठी’ होतं. विनोदनं ती यादी घडी करून ठेवली, पुन्हा उघडून पाहिली नाही.

*

ऊर्जानगरचं वीज केंद्राचं क्वार्टर आता रामाजींचा मुलगा अश्वजित याच्या नावावर होतं. सिनेमे त्यानंच भरले होते.

“ड्युटीवरून साडेतीनले आलो. कार्ड खराब झालं का म्हणून पाह्यलो भरून. तेवढीच अक्कल सुचली मले.” बोलता बोलता त्याचे डोळे भरले. रविवारी सकाळी सात ते तीन तो प्लांटमध्ये होता. हजेरीची नोंदही तेच सांगत होती.

इंदुताईंनी कॉम्प्युटरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. शेजारी दोन वस्तू लावलेल्या होत्या. एक कार्ड-रीडर आणि एक नखाएवढा ब्लूटूथचा तुकडा.

“हा कधी आला?”

“प्रफुलनं दीडले आनला,” रामाजी म्हणाले. “फोनमधून हवेतून गाने मशीनमधी येतेत म्हणे...”

तेवढ्यात लाइट गेली. टेबलाखालचा यूपीएस कोकलायला लागला. रामाजींनी मान न वळवता हात खाली घातला, बटण दाबलं, आवाज थांबवला. “...पन आनायले उरलंच काय होतं?” त्यांनी वाक्य पुरं केलं. मग वाकून कुठला दिवा लागलाय ते पाहिलं.

“तुम्ही प्लांटमध्ये कुठं होता?” इंदुताईंनी विचारलं.

“कंट्रोल रूम. एकतीस वर्षं.” पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. “अलार्म आला का पहिले अ‍ॅक्सेप्ट दाबाचं, भोंगा बंद कराचा. मंग पाहाचं काय झालं ते. भोंगा चालू असताना डोकं चालत नाई बाई मानसाचं.”

इंदुताईंनी एकदा यूपीएसच्या बटणाकडे पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या.

सीताबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. रिनाची आई. “रविवारी दुपारी तुम्ही कुठं होता?” एवढंच इंदुताईंनी विचारलं.

“इथीच. भाजी चिरत होती. मी काईच नाई ऐकलं.” त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, “मले तं तो आवाज सहनच होत नोता, बाई. रोज पाचले वाटे, पोरगी आली. मी उठून दार उघडाले जाओ.”

बाहेर आल्यावर विनोद कुजबुजला, “ताई, या बाईनंच केलं! बोलून गेली ना, सहन होत नोता!”

“उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. चल बल्लारपूरले.”

प्रफुल शिफ्ट सुटल्यावर मिलच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. किडकिडीत, झोप न झालेला मुलगा.

“कसं पुसलं गेलं रे?”

“डिलीट दाबल्या गेलं, ताई. चुकून.”

“आन पुसल्यावर ब्लूटूथ कशाले आनलं?”

प्रफुलनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “मीच केलो, ताई. तेवढं लिहा ना. मी तं तसाबी आता त्या घरचा नाई.”

परतताना इंदुताई चंद्रपूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात थांबल्या. ब्लूटूथच्या बिलावर वेळ होती बारा अडतीस. दुकानदाराला मुलगा आठवत होता. “एक वाजेपर्यंत इथीच होता. फोन ते मशीन गाने कसे पाठवाचे, दोनदा शिकून गेला.”

*

शनिवारी दुपारी सगळे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत बसले. प्रफुल दाराशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

“रामाजीभाऊ,” इंदुताई म्हणाल्या, “प्रफुलनं हे केलं नाई. कोनी मुद्दाम केलं नाई. मशीनची चूक झाली. एवढ्यावर थांबता का?”

“नाई. तो कबूल झाला हाय. नाई तं दुसरं नाव सांगा. नाई सांगत तं उद्या विहारात त्याचंच नाव घेतो.”

“ताई, मीच—” प्रफुल बोलला.

“तू चूप बस. चोर सोडून संन्याशाला फाशी द्याले मी पैसे घेत नाई.” त्या रामाजींकडे वळल्या. “हा म्हणते डिलीट दाबलं. कार्ड तं फॉरमॅट झालं. म्हणजे यानं सांगितलं ते खरं नाई. फॉरमॅट झालं बारा बावन्नले, याच कॉम्प्युटरवर. तेव्हा हा चंद्रपूरच्या दुकानात होता.”

रामाजींनी एकदा प्रफुलकडे पाहिलं.

“रिनाचं कार्ड मोठं, तुमचा कॉम्प्युटर जुना. त्याले हे कार्ड वाचता येत नाई. वाचता आलं नाई का तो विचारते, फॉरमॅट करू का? दहाले यालेही विचारलं असन. यानं ‘नाई’ म्हटलं, कार्ड काढून फोनमधी ठेवलं. आन कार्ड पुन्हा मशीनमधी घालाचं कामच पडू नये म्हणून ब्लूटूथ आनाले गेला. ज्यानं आवाज पुसला, तो पुसलेला आवाज आनाची सोय कशाले करन?”

“मंग कोन?” अश्वजितनं विचारलं. “मी ड्युटीवर. आई...”

“तुही आई खोटं बोलली. ऐकलं का असं मी विचारलंच नोतं, तरी म्हणाली काईच नाई ऐकलं. तिनं ऐकलं होतं.” इंदुताईंचा आवाज खाली आला. “भाऊ, बारा-एकच्या दरम्यान कार्ड कोनं लावलं होतं?”

“मी,” रामाजी म्हणाले. “पन ते तं खालीच...”

“खाली नोतं. मशीनले दिसत नोतं. टुंग वाजलं असन, चौकट आली असन. काय केलं तुमी?”

रामाजींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“परवा यूपीएस वाजला, तुमी न पाहता बंद केला. एकतीस वर्षं हाताले तेच वळन. पहिले अ‍ॅक्सेप्ट, मंग पाहाचं. मशीननं तीन-चार वेळा विचारलं, भाऊ. दर वेळी टुंग वाजलं. दर वेळी तुमी हो म्हटलं.”

खोलीत पंखा फिरत होता. विनोदला वाटलं, या बाईंचं तोंड धरावं, दोन मिनिटांपूर्वी धरायला हवं होतं. पण दाराशी तो पोरगा उभा होता आणि उद्या गावासमोर त्याचं तोंड काळं होणार होतं. दुसरा रस्ता विनोदलाही दिसेना.

“तुले मालूम होतं?” रामाजींनी बायकोला विचारलं.

“ऐकू आलं होतं. टुंग टुंग,” सीताबाई म्हणाल्या. “प्रफुल दीडले आला. कार्ड पाहून त्याले समजलं. मीच पाया पडली त्याच्या. म्हणलं, तू निघून जाशीन बाबू, मले या मानसासंगं राहाचं हाय. याले कळलं तं हा जगनार नाई.”

“बाई, मले खोटं सांगाचं होतं तुमी,” रामाजी इंदुताईंना म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं.

रामाजी उठले. प्रफुलजवळ गेले, त्याचा हात धरून त्याला आणलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः खाली जमिनीवर बसले. प्रफुल उठायला लागला तर त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला दाबून बसवलं.

“बाबू, तिचा आवाज आठवते का तुले?” त्यांनी विचारलं. “मी आत्ता आठवून पाहून राह्यलो. नाई येत रे. गाने आठवतेत, आवाज नाई येत.”

प्रफुल ओठ आवळून रडायला लागला. अश्वजित तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिला.

मग सीताबाई बोलल्या. गाणं नाही, वंदना नाही. नाकात किंचित हेल काढून, शेवटचा शब्द लांबवून, रिना कामावरून आल्यावर बोलायची तशा.

“बाबा... चहा थंडा होऊन राह्यला ना!”

आवाज म्हातारीचाच होता, थोडा फाटका. पण अश्वजित गर्रकन वळला. प्रफुलनं डोळे मिटून घेतले.

रामाजींनी कपाळ जमिनीला टेकलं. पाठ गदगदून हलत राहिली. किती तरी वेळानं खालूनच त्यांचा आवाज आला.

“आनखी एकदा म्हण.”