देखरेख गटातलं एक नाव

“ते माह्याशिवाय कोणी करूच शकत नाही. आन् मी तं ते केलं नाही.” मंजुषा म्हणाली.

भावना काळमेघच्या अमरावतीतल्या छोट्याशा ऑफिसात खुशालरावांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. खुशालराव भावनाचे मामा. अकोटच्या एसटी डेपोतून निवृत्त झाल्यापासून ते भाचीच्या तपासकामात सोबत असत. माणसं त्यांच्याशी भडाभडा बोलत. त्या बोलण्यातलं नेमकं काय उचलायचं, ते मात्र भाचीलाच कळे, आणि याचं त्यांना मनातून वाईट वाटे.

मंजुषा अकोटजवळ शालिकरामजींच्या प्रयोगशाळेत संगणकाचं काम पाहत होती. तिथे काचेच्या बाटल्यांमध्ये केळीची रोपं वाढवत. बंद खोल्या, दिव्यांचा उजेड आणि सॉफ्टवेअरवर ठरवलेली थंडी. सोमवारी सकाळी एका खोलीचं तापमान कुणीतरी वाढवलेलं निघालं आणि आतली सगळी रोपं मेलेली. वादळात केळीच्या बागा आडव्या झालेली गावं त्याच रोपांची वाट पाहत होती.

“नोंदीत कोणाचं नाव आहे?” भावनानं विचारलं.

“नाव येतच नाही. ‘प्रशासकाने बदल केला’ एवढंच येते. आन् प्रशासक मी एकटी. मालकानं मले घरी बसाले सांगतलं.”

“तुमचा पासवर्ड बंद केला असेल मग.”

“कोण करन? त्याच्यासाठीही प्रशासकच लागते.”

खुशालरावांना हसू आलं, पण पोरीचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

मंजुषानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर लिहिलं होतं : ‘प्रशासक – देखरेख गट. सदस्य १.’

“हा गट काय प्रकार?”

“सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसानं सुरुवातीलेच तसं लावून देलं. गटात मी एकटीच हावो.”

खाली खोल्यांची नावं होती. शेवंती, मोगरा, जाई.

“दारावर एक, दोन, तीन असेच नंबर हायेत,” मंजुषा म्हणाली. “ही नावं मी शनिवारी टाकून पाह्यली. सध्या प्रशासकालेच दिसतात, अजून कोणाले सांगतलीही नाहीत. रोपं मेली ते शेवंतीतली, म्हणजे एक नंबरातली.”

दुसऱ्या दिवशी मामा-भाची अकोटला पोचले. शालिकरामजींनी अंगणात खुर्च्या टाकल्या. त्यांच्या घराण्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या फुलं आणि भाजीपाला पिकवत आलेले. ही प्रयोगशाळा म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

“त्या पोरीवर मी लेकीवानी भरवसा ठेवला,” ते म्हणाले. “काहून केलं असन तिनं असं? आमी कधी अर्ध्या शब्दानं बोललो नाही तिले.”

“रविवारी कोणी आलं होतं इथं?”

“पाहुणे आलते. माह्या पुतण्याची, विपुलची सोयरीक जुळून राहिली. त्यानं लॅब दाखवली त्याईले. पोरीची आजी तं आत गेली आन् कुडकुडाले लागली! घरातून शाल आणाव लागली.”

दीपमालाताई प्रयोगशाळेतल्या रोपांच्या जाणकार. त्यांनी एक नंबरची खोली उघडून दाखवली.

“सोमवारी मी आली तं पानं काळी पडून काचेले चिकटली होती.”

“आणि तापमान कधी वाढवलं होतं?”

“मी आली त्याच्या थोडंसंच आधी, नोंदीवरून तरी.”

“इतक्या लवकर काळी पडतात?”

दीपमालाताई घुटमळल्या. “मलेही नवलच वाटलं. रविवार दुपारपासून थंडीचा आलेखही कोरा हाये. लाइन गेली असन.”

“दोन आणि तीन नंबरचा?”

“ते पूर्ण हायेत.”

भावना भिंतीवरच्या बटणापाशी थांबली. थंडीचं यंत्र आणि तापमापक दोन्ही त्याच बटणावर होते, दिवे वेगळ्या बटणावर. तिनं नुसती मान हलवली.

विपुल हजेरीच्या टेबलाशी भेटला. तरतरीत पोरगा, पण बोटं सारखी पेनाशी चाळा करत होती.

“मले काय विचारता? माह्याकडे हजेरी. कोणाले कोणत्या गटात टाकाचं, कोणाले काढाचं, एवढंच माह्या पानावर. थंडीचं तं मले उघडतही नाही. शेवंती कोनं तापवली, ते मंजुषालेच विचारा.”

बाहेर येताच खुशालराव म्हणाले, “बिचाऱ्याले काही दिसतच नाही, अन् हे लोक फुलंही ठेवतात वाटते आत.”

भावना थबकली. “मामा, सगळ्यांना बोलवा. मंजुषालाही.”

सगळे अंगणात जमले. मंजुषा कोपऱ्यात उभी राहिली.

“रोपं सोमवारी मेलीच नाहीत,” भावनानं सुरुवात केली. “रविवारी मेली. एकट्या त्याच खोलीचा आलेख कोरा आहे, म्हणजे लाइन गेली नव्हती, भिंतीवरचं बटण बंद होतं. दिवे मात्र चालू होते, आणि बंद खोली त्यांनी तापत गेली. आजींना थंडी वाजली, म्हणून कुणीतरी मायेनं बटण बंद केलं आणि ते चालू करायचं विसरलं.”

दीपमालाताईंनी वळून प्रयोगशाळेकडे पाहिलं. भावना पुढे बोलत राहिली.

“सोमवारी त्याला आठवलं, तोवर रोपं गेली होती. मग त्यानं बटण चालू केलं आणि सॉफ्टवेअरवर तापमान वाढवून ठेवलं, म्हणजे दोष प्रशासकावर जावा.”

“पण प्रशासक तं ही एकटी!” शालिकरामजी म्हणाले.

“नाही. अधिकार मंजुषाला नव्हताच कधी. तो देखरेख गटाला होता. जो त्या गटात, तो प्रशासक. आणि गटात नाव टाकणं, काढणं कुणाच्या हातात?”

सगळ्यांच्या नजरा विपुलकडे वळल्या.

“स्वतःचं नाव टाकलं, काम केलं, नाव काढलं. तेवढ्या वेळात त्यानं प्रशासकाचं पान पाहिलं. तिथं एक नंबरच्या खोलीला शेवंती म्हणतात. हे नाव इथं मंजुषाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला ते तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं, विपुल. गटात कधी कोण आलं-गेलं, ते कंपनीकडून मागवता येईल. मागवू?”

“नका मागवू.” विपुल खाली बसला. “सोयरीक मोडन असं वाटलं. घरात आलेल्या पाहुण्याईपायी एवढं नुकसान... मंजुषाले काढतीन असं मनात नव्हतं.”

“पण काढलं तवा बोलला नाहीस,” शालिकरामजी म्हणाले. त्यांनी मंजुषासमोर हात जोडले. “बाई, चूक माही. उद्यापासून ये.”

“येईन. पण अधिकार मले आन् अजून एकाले द्या, नावानं. गटाले नाही.”

“मंजूर.” त्यांनी पुतण्यापुढे फोन धरला. “लाव पोरीच्या घरी. तूच सांग.”

विपुलनं स्पीकरवर फोन लावला. पलीकडे आरती होती, जिच्याशी सोयरीक जुळत होती ती. त्यानं अडखळत सगळं सांगितलं.

“आजीले थंडी वाजली म्हणून तुमी बटण बंद केलं, हे मले आवडलं,” ती म्हणाली. “पण ज्या पोरीवर आळ घेतला, तिची माफी मागतली का?”

“अजून नाही.”

“मग आधी ते करा. माह्याशी नंतर बोला.”

फोन बंद झाला. विपुल उठला आणि कोपऱ्यात उभ्या मंजुषाकडे चालू लागला.