आइनोचा मुक्काम

आइनो आली तेव्हा गालुंगानचा सण नुकताच सरला होता. दारोदारचे सजवलेले बांबू उन्हानं वाळून गल्लीवर वाकले होते. बाली बेटावरच्या उबुद गावी, त्या गल्लीत सुकर्तीचं घर होतं. अंगणाच्या एका अंगाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या, मधोमध उघडा मंडप. रोज दुपारी चार वाजता सुकर्ती त्या मंडपात गल्लीतल्या मुलींना लेगोंग नाच शिकवायची. पहिल्या ओळीत तिची स्वतःची मुलगी, अकरा वर्षांची चंद्री.

आइनो फिनलंडची. पन्नाशी उलटलेली, उंच, अबोल. दोन महिने राहणार होती. बाकीचे पाहुणे एका दिवसात तीन देवळं नि एक धबधबा उरकायचे. ही पपईच्या चार फोडी तासभर खायची. सकाळी सुकर्तीशेजारी फरशीवर बसून नारळाच्या कोवळ्या पानांच्या परड्या विणायची, संध्याकाळी भातखाचरांच्या बांधावरून एक फेरी मारायची. मोडकंतोडकं इंडोनेशियन बोलायची, तेही विचारलं तरच.

"मेमे, ही बाई डोळे उघडे ठेवून झोपते का गं?" चंद्रीनं एकदा आईला विचारलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात आइनोनं नाच शिकायची इच्छा सांगितली. सुकर्तीनं तिला मागच्या ओळीत उभं केलं. गुडघे वाकायचे नाहीत, कोपर खाली पडायचं. सुकर्तीचा नवरा दर्मा अंगणात बसून लाकडात गरुड कोरत असायचा. तो म्हणाला, "अगं, नारळाचं झाड आणून लाव त्यापेक्षा. वाऱ्यानं तरी हलेल."

मुली खिदळल्या. आइनोही हसली.

पुढच्या मंगळवारी सुकर्ती ढोलाचे बोल तोंडानं म्हणत ओळीओळीतून फिरत होती. लेगोंगमध्ये नजर एका झटक्यात कोपऱ्यात जाते आणि त्याच झटक्यात परत येते, मान मात्र जागची हलत नाही. ते साधायला चंद्रीला तीन वर्षं लागली होती. आइनोनं ते केलं. एकदा नव्हे, चारदा, अचूक.

सुकर्तीचे बोल थांबले. तिनं पुढे पाहिलं, तर चंद्री नुसतीच समोर बघत उभी होती.

"नजर कुठंय चंद्री?"

"कसली नजर?" चंद्री म्हणाली.

ती चेष्टा करत नव्हती. सुकर्तीनं करून दाखवलं. चंद्रीनं सगळी मान फिरवली, नवख्या मुली फिरवतात तशी.

दुसऱ्या दिवशी बोटं गेली. चंद्रीची बोटं मागे वळून थरथरायची, बघणाऱ्याला वाटायचं पाखरूच बसलंय हातावर. आता ती सरळसोट राहिली. मागच्या ओळीत आइनोची लांब, गाठाळ बोटं थरथरत होती.

सुकर्ती भाबडी नव्हती. तिनं चंद्रीला डेन्पासारला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डोकं, डोळे, रक्त, सगळं ठीक निघालं. घरी येऊन तिनं आइनोला सांगितलं, उद्यापासून शिकवणी बंद. आइनोनं कारण विचारलं नाही. उलट सुटका झाल्यासारखी मान हलवली. चार वाजता ती मंडपाकडे पाठ करून ओट्यावर बसू लागली.

तिसऱ्या दिवशी ती परडी विणता विणता गुणगुणली. सुकर्तीच्या हातातलं पान गळून पडलं. चंद्री दोन वर्षांची असताना तापानं फणफणली होती, तेव्हा सुकर्तीनं स्वतः रचलेलं गाणं होतं ते. घराबाहेर कधी म्हटलेलंसुद्धा नव्हतं.

"चंद्री, हे गाणं कुठलं गं?"

चंद्री थोडा वेळ ऐकत राहिली. "छान आहे. यांच्या देशातलं का?"

दर्मानं दुसऱ्या दिवशी जाणत्या बुवांना बोलावून आणलं. बुवांनी पाणी शिंपडलं, दोघींच्या तळव्यांवर अंगठा ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसले. मग उठले आणि फाटकाकडेच निघाले.

"अहो बुवा, काहीतरी सांगा!" दर्मा मागे धावला.

"चोरी असती तर मी सोडवली असती," बुवा म्हणाले. "ती बाई काही घेत नाहीये."

"मग?"

बुवांनी मंडपात बसलेल्या चंद्रीकडे पाहिलं आणि चपला पायांत सरकवल्या.

सुकर्ती आइनोच्या खोलीत गेली. आइनो पलंगाच्या कडेला बसली होती. बॅग आधीच भरलेली होती.

"जा तुम्ही," सुकर्ती म्हणाली. "हात जोडते. आजच जा."

"जाते," आइनो म्हणाली. तिची भाषा आता मोडकी नव्हती. ती गल्लीतल्या पोरींसारखी बाली भाषा बोलत होती. "पण कुठं जाऊ? माझ्या घराचा रस्ता मला आठवत नाही. बहिणीचं नाव आठवत नाही. मला भीती वाटतेय."

सुकर्तीचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि मधेच थांबला.

दुपारी गाडी आली. दर्मानं बॅग चढवली. चंद्री आईशेजारी फाटकात उभी होती, हात पोटाशी जुळवून, शांत.

गाडी हलली.

मागची काच खाली आली. त्या उंच बाईनं अर्धं अंग बाहेर काढलं आणि रडत हाक मारली, "मेमे! मेमे गं!"

सुकर्तीचे पाय तिच्याही नकळत धावू लागले. देवळापर्यंत ती गाडीमागे धावली. मग तिला आठवलं, आपली मुलगी मागे फाटकात उभी आहे. ती वळली. पुन्हा गाडीकडे वळली. गाडी वळणाआड गेली होती.

ती परतली तेव्हा दर्मा पायरीवर डोकं धरून बसला होता. चंद्री पाहुण्यांच्या ओट्यावर होती. पपईची एक फोड संपवायला तिनं फार वेळ घेतला. मग बशी नीट बाजूला ठेवली आणि सुकर्तीकडे पाहून हसली. बोलली ती परक्या, वडीलधाऱ्या माणसांशी बोलायच्या आदराच्या भाषेत. घरात ती भाषा तिनं कधीच वापरली नव्हती.

"आपलं घर फार शांत आहे. मी अजून थोडे दिवस राहिले, तर आपली हरकत नाही ना?"

सुकर्तीनं दर्माकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"राहा ना," ती म्हणाली. "हवे तितके दिवस राहा."