दुपारी दोनचा पेपर

पटत नसेल तर इथूनच मागे फिरा. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या, वर्षालीच्या बाबतीत घडलं. अकोल्यात, जठारपेठेतल्या तिच्या राहत्या घरी. तारीख २० मे २०२१, गुरुवार. वेळ भर दुपारची. बाहेर डोळे उघडवत नव्हते, इतकं ऊन.

वर्षाली अमरावतीला एम.एस्सी. करायची. केमिस्ट्री. होस्टेलवर तिची रूममेट होती पौर्णिमा, धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यातली. दोघी एका ताटात जेवायच्या.

पण वर्षाली आतून जळायची.

पौर्णिमा कायम पहिली. वर्षाली कायम दुसरी. प्रॅक्टिकलला पौर्णिमाच्या फ्लास्कमध्ये बरोबर एका थेंबाला फिका गुलाबी रंग यायचा. वर्षालीचा भडक होऊन जायचा. मॅडम पौर्णिमाचं जर्नल वर्गभर फिरवायच्या. एकदा तर वर्षालीची आईच म्हणाली, किती गुणाची पोरगी आहे ही. त्या दिवशी वर्षाली जेवली नाही.

मग कोरोना आला. होस्टेल रिकामं झालं. तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा घरूनच द्यायची ठरली. मोबाइलवर चाळीस प्रश्न, नव्वद मिनिटं, आणि पूर्ण वेळ कॅमेरा चालू.

एप्रिलच्या शेवटी पौर्णिमाचा फोन आला. गावात रेंज मिळत नव्हती. ती पाण्याच्या टाकीवर चढून बोलत होती.

"तुया घरी येऊ का व? चार पेपरायपुरतं. एका कोपऱ्यात बसून लिहीन. तुले तरास नाई देत."

वर्षालीकडे वायफाय होतं. वरची खोली रिकामी होती.

"बाबा पॉझिटिव्ह हायेत," ती म्हणाली.

बाबा तेव्हा खाली पेपर वाचत बसले होते. ठणठणीत.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, हलकं वाटलं. रेंज नाही म्हणजे पेपर नाही. पेपर नाही म्हणजे पहिला नंबर मोकळा.

त्यानंतर तिने पौर्णिमाला फोन केला नाही. वर्गाचा ग्रुपही म्यूट करून टाकला आणि अभ्यासाला बसली.

२० मे. पहिला पेपर.

दोनला पाच कमी असताना तिने वरच्या खोलीचं दार आतून लावलं. कूलर सुरू केला. दाराकडे पाठ करून टेबलाशी बसली. कानात इअरफोन घातले.

कॅमेऱ्यासाठी समोर ठेवलेल्या लॅपटॉपवर एकेक मुलगा जोडला जात होता. छोटे छोटे चौकोन. प्रत्येकात एक चेहरा. देखरेखीला नागसेन सर होते. मोबाइलवर प्रश्नपत्रिका उघडली.

दोन वाजून दहा मिनिटांनी आणखी एक चौकोन उघडला...

खाली नाव होतं. पौर्णिमा.

हिने रेंज आणली कुठून?

तिचं लक्ष प्रश्नांवरून उडालं. ती सारखी त्या चौकोनाकडे बघत राहिली. बाकीच्यांची चित्रं अडकत होती, फुटत होती. पौर्णिमाचं मात्र लख्ख होतं.

पण त्यात चेहरा नव्हता.

टेबलाशी बसलेली एक मुलगी. पाठमोरी. पिवळा कुर्ता, एक वेणी.

कॅमेरा मागे कशाला ठेवला हिने? आणि सर काहीच कसे बोलत नाहीत?

मग तिला त्या मुलीच्या बाजूचा कूलर दिसला.

कूलरवर वाळत घातलेली जांभळी ओढणी दिसली...

ओढणी वर्षालीची होती.

तिने हळूच हात वर केला. चौकोनातल्या मुलीनेही केला.

कोणीतरी मागच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होतं. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवरून.

कूलरचा पंखा फिरत होता. आवाज मात्र बंद झाला होता.

आणि त्या शांततेत...

खस्स... खस्स... खस्स...

कागदावर पेन चालल्याचा आवाज. कच्चं गणित सोडवताना येतो तसा. तिने इअरफोन उपसून काढले.

आवाज तसाच येत राहिला.

वर्षाली किंचाळली नाही. उठून पळाली नाही. तिच्या मनात एकच आलं. ही माझ्या पुढे चालली आहे.

तिने मोबाइल जवळ ओढला आणि भराभर उत्तरं टिपू लागली. मागचं पेनही भराभर चालू लागलं. तिचे सव्वीस झाले, सत्तावीस झाले. मागे पान उलटलं...

लॅपटॉपवर सर काहीतरी बोलताना दिसले. तिने इअरफोन परत लावले.

"वर्षाली, तुझ्या खोलीत दुसरं कोण आहे? लिहिण्याचा आवाज येतोय."

"कोणी नाही सर."

साडेतीनला पेपर बंद झाला. आवाज थांबला. कूलर पुन्हा घरघरू लागला. तिने मागे वळून पाहिलं.

कोपरा रिकामा होता.

तिने तडक पौर्णिमाचा नंबर लावला. धामणगावला असलेल्या तिच्या भावाने, कुलदीपने, उचलला.

"ताई, तिले जाऊन आज चार दिवस झाले," तो म्हणाला.

गावात रेंज नाही म्हणून पौर्णिमा धामणगावला मावशीकडे राहायला गेली होती. त्या घरात सगळेच आजारी पडले. बाकीचे वाचले. नागसेन सरांना कळवलं होतं, पण पहिला पेपर होईपर्यंत मुलांना सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

उरलेले पेपर वर्षालीने आईला शेजारी बसवून दिले. तेव्हा काही झालं नाही. सरांकडच्या त्या दिवसाच्या हजेरीत पौर्णिमाचं नाव नव्हतं. तो चौकोन दुसऱ्या कोणालाच दिसला नव्हता.

निकालात वर्षाली पहिली आली.

दिवाळीनंतर ती पौर्णिमाच्या गावी गेली. बाबांबद्दल आपण खोटं बोललो होतो, हे पौर्णिमाच्या आईला, वच्छलाबाईंना, सांगून टाकायचं ठरवून गेली होती. वच्छलाबाईंनी तिला चहा दिला. मग म्हणाल्या, "तुमचा पेपर व्हता ना, त्या दिवशी दुपारी मी अंगणात व्हती. साडेतीन-चारचा टाइम. पाठीमागून पौर्णीचा आवाज आला. माय, पेपर लय सोपा गेला."

त्या पदराने डोळे पुसत होत्या.

वर्षालीचा कप हातातच राहिला. तिला तो पेपर अवघड गेला होता. तेरा प्रश्न सोडवायचे राहून गेले होते.

ती काही न सांगता परत आली. आजवर सांगितलेलं नाही.

हे सगळं तिने मला मागच्या महिन्यात सांगितलं. एकटी असताना भीती वाटते का, असं मी विचारलं.

"भेव नाई वाटत," ती म्हणाली. "तिले किती मार्क पडले असतीन, तेच डोक्यात येऊन राहते."