खारीसाठी जाळं

चप्पल मी खारीला मारली होती, लागली त्याला.

निर्मळ गावातल्या आमच्या घरामागे चिकूचं झाड आहे. त्याला मम्मीचा बर्ड फीडर टांगलेला. त्यातले दाणे खाऊन तट्ट फुगलेली ती खार माझ्याकडे बघत शेपटी उडवत होती... आणि माझं डोकं फिरलं. चप्पल कुंपणावरून पलीकडे गेली आणि रस्त्यावरून "आई गं!" असा आवाज आला.

धावत गेले. स्कूटरच्या मागे सुक्या बोंबलांचं पोतं बांधलेला एक उंच पोरगा उभा. एका हातात माझी चप्पल, दुसरा हात कानावर.

"ही तुमची?"

"सॉरी... खारीला मारली होती."

"मी खार दिसतो काय?"

मी हसायला नको होतं. पण पावसानं निथळणारे केस, लालबुंद कान आणि वर तो गंभीर चेहरा... हसलेच. मग तोही हसला. तो डिलन, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दिवस होते. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, म्हणून तो गावोगाव सुकी मासळी पोचवत फिरत होता.

"एका खारीवर एवढा राग?" त्यानं विचारलं.

आणि मी, रस्त्यात, एका पायात चप्पल घालून, त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. माझ्या मम्मीला, मर्सीला, गेल्या वर्षी झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. माझा भाऊ हिलरी मस्कतला, घरी आम्ही दोघीच. रोझरी म्हटली, टीव्ही लावला, जुने फोटो दाखवले, तिला कशाचंच काही नव्हतं. फक्त खिडकीबाहेर चिमण्यांसारख्या इवल्या मुनिया आल्या की ती चांगला हात उचलून मला दाखवायची. डॉक्टर म्हणाले, हे सोडू नका. मी फीडर लावला आणि खारींनी तो ताब्यात घेतला. मुनिया यायच्या बंद झाल्या. मम्मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडू लागली.

डिलननं सगळं ऐकून घेतलं. चप्पल माझ्या पायाशी ठेवली.

"उद्या येतो."

"कशाला?"

"हात रिकामे हायेत माझे. आनि तुमचा नेम परत बघायचा हाय."

तो खरंच आला. फीडरच्या तारेला खोबरेल चोळलं. खार घसरून खाली पडली, आम्ही टाळ्या पिटल्या. संध्याकाळच्या सरीनं तेल धुऊन नेलं आणि बाईसाहेब पुन्हा हजर! मग त्यानं पत्र्याची टोपी बसवली. खारीनं चिकूच्या वरच्या फांदीवरून थेट उडीच घेतली.

"ही पोरगी कोनाला ऐकनारी नाय," तो म्हणाला.

"मी की खार?"

"दोघी."

मग त्यानं दाण्यांत लाल तिखट कालवायचं काढलं. पाखरांना तिखट लागत नाही म्हणे, खारींना लागतं. कालवता कालवता मी तोच हात डोळ्याला लावला... आणि जी नाचले! त्यानं पाण्याचा तांब्या आणला, हनुवटीला धरून माझा चेहरा वर केला.

"डोले उघड."

"नाही उघडणार. जळतंय."

"मग मी कसा दिसनार तुला?"

"ज्याला बघायला तिखट धुवावं लागतं, तसा," मी म्हणाले. पण डोळे उघडले तेव्हा तो इतका जवळ होता, की त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या. अहो-जाहो त्या दिवशी संपलं. खारीनं मात्र ते तिखट दाणेही संपवले.

खिडकीतून मम्मी बघत होती. तो आला की तिचा अर्धा ओठ हसायचा. "मर्सी आंटी, आज पाहुने किती?" तो विचारायचा आणि ती हात उचलायची. वर्षभर मेल्यासारखं पडलेलं आमचं घर त्याच्या स्कूटरच्या आवाजाची वाट बघायला लागलं होतं. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू!

"बंदी उठली की आई माझ्यासाठी पोरी बघनार," एकदा तो दोरीची गाठ मारता मारता म्हणाला.

"बघ की मग."

"बघितली ना... चप्पल मारते."

 "डिलन, मम्मीला सोडून मी कुठे जाणार?"

"सोडायचं कोन बोलला? आमच्या घराला पन खिडकी हाय. आंटीची खाट तिथं लावू." त्यानं वर बघितलं नाही. "सावकाश सांग. मी हाय."

सांगायचं काय होतं? आतून मी केव्हाच हो म्हटलं होतं. फक्त मनात ठरवलं होतं, मुनिया परत येऊ देत, मम्मीच्या खाटेशी बसून, तिच्यासमोरच सांगेन.

दुसऱ्या दिवशी तो जाळं घेऊन आला. तंगुसाचं, बारीक नायलॉनचं, लांबून दिसतही नव्हतं. फीडरभोवती त्यानं ते गोल बांधलं, विणीच्या एकेका घरात बोट घालून मापलं.

"बघ, आमचं साधं गनित. लहान असतं ते सुटतं, मोठं असतं ते अडतं. मुनिया आत जानार, खार भायेर."

आणि खार खरंच बाहेर राहिली. दोनदा प्रयत्न करून चिडून निघून गेली. आम्ही श्वास रोखून मागच्या ओटीवर बसलो होतो, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. थोड्या वेळानं मुनियांचा थवा उतरला. आत मम्मीनं हात उचलला. मी डिलनचा हात धरला. आता सांगते, मला वाटलं... आता.

पहिली मुनिया जाळ्याच्या घरातून आत शिरली. दाणा घेतला. आणि बाहेर उडताना तिनं पंख उघडले.

मासा मिटून पोहतो. पाखरू उघडून उडतं. हे त्या समुद्रावर वाढलेल्या पोराच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि माझ्याही नाही. तंगूस पंखात घट्ट बसत गेलं. ती जेवढी फडफडली तेवढी गुंतली. डिलननं धावत जाऊन सुरीनं स्वतःचं जाळं फाडलं, इतक्या हलक्या हातानं की मला रडू आलं. पण पंख मोडला होता. त्याच्या तळहातावरच ती गेली.

आणि मम्मी किंचाळली.

वर्षभरानं तिच्या घशातून निघालेला पहिला आवाज तो. ती डिलनकडे बघत होती. त्याच्या हातातल्या सुरीकडे आणि पाखराकडे.

त्यानंतर तो दारात दिसला की मम्मी थरथरायची. तोंड भिंतीकडे करून, चांगल्या हातानं चादर डोक्यावर ओढून ओरडत राहायची. मी समजावलं, हात जोडले, फोटोतल्या येशूची शपथ घातली. तिच्या डोक्यातली ती गाठ कोणालाच सुटेना. डिलननं पेरू आणले, दुरून हाका मारल्या, एकदा नुसताच ओटीवर बसून राहिला. ती त्या दिवशी जेवली नाही.

बंदी उठायच्या आदल्या संध्याकाळी तो कुंपणापलीकडेच थांबला. आत आला नाही.

"सकाली बोट जानार." "तू बोल, मी थांबतो. वर्ष थांबतो."

"आणि वर्षानं ती बरी झाली नाही तर?"

त्यानं कुंपणाला धरलं.

"ती बरी व्हायची वाट बघायची म्हणजे... दुसरी कसली वाट बघायची, ते मला माहीत आहे, डिलन. मला ती बघायची नाहीये. ती माझी आई आहे."

"तुला मी आवडतो का, तेवढं तरी सांग."

मी मान हलवली. पण अंधारून आलं होतं, पाऊस होता, आणि त्याला ती हो वाटली की नाही, कोण जाणे. मी तोंड उघडून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो गेलाच नसता.

नोव्हेंबरात, निर्मळची यात्रा सरल्यावर, आमच्या आळीतली फ्लॉसी मावशी आली. तिच्या सँड्रासाठी पाचूबंदरचं स्थळ आलं होतं. चर्चमध्ये लग्नाची नावं वाचण्याआधी ओळखीच्या घरी चौकशी करायची, ही आमची रीत.

"तो डिलन तुमच्याकडे यायचा ना गं, फेलिशिया? कसा आहे पोरगा?"

मी सुकेळी, वाळवलेली केळी, निवडत होते. हात थांबू दिला नाही.

"चांगला आहे."

"पितो?"

"नाही."

"रागीट?"

"नाही. खारीवरसुद्धा हात उचलला नाही त्यानं."

"तसं नको, मनापासून सांग. तुझी स्वतःची पोर असती, तर दिली असतीस का?"

आत मम्मीची खाट करकरली. मी मावशीकडे बघितलं. इतके महिने घशात अडकलेलं ते एक वाक्य शेवटी भलत्याच माणसासमोर बाहेर पडलं.

"पोरीला कशाला, मावशी... मीच गेले असते."

फ्लॉसी मावशी उठली. माझ्याजवळ येऊन बसली.

"बाय माझी... मग मी काय करू?"

"द्या सँड्राला," मी म्हणाले. "आणि हे तिला सांगू नका."